येळवशीच्या आदल्या दिवशी

माझ्या धाकट्या जावेला सहल ठरवता येते हे मला तिच्या लग्नानंतर तेरा वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. तोवर जामबाग, गौलीगुडा, काचीगुडा इथल्या मराठी घरांत सहल म्हटलं की माझंच नाव निघायचं. भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबराची वाट बघताना लोक मला विचारायचे, यंदा कुठं? मी म्हणायची, बघू, अजून नवं पंचांग यायचंय. असं म्हणताना मला फार बरं वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी जामबागेतल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवत होते. शेवटच्या काही वर्षांत वर्गात मुलं कमी आणि बाकं जास्त झाली होती. जी मुलं होती ती घरी हिंदी-तेलुगू मिसळून बोलायची आणि मराठी वाचताना ओळीवर बोट ठेवून अडखळायची. पुस्तकातला रायगड त्यांच्या डोक्यात शिरेना, म्हणून एका वर्षी त्यांना सरळ रायगडावर नेलं. बरोबर आईबाप आले. पुढच्या वर्षी मुलांपेक्षा आईबापच जास्त झाले. अशी ती गाडी सुरू झाली ती मी निवृत्त झाल्यावरही थांबली नाही.

माझा एक नियम होता. निमित्ताशिवाय गाडी हलायची नाही. नुसतं फिरायला जायचं असेल तर नेकलेस रोड आहे, तिथं जावं आणि मक्याचं कणीस खाऊन परत यावं. तुळजापूरला जायचं ते नवरात्रात, पैठणला नाथषष्ठीला, आणि किल्ल्यावर जायचं ते त्या किल्ल्याचा दिवस असेल तेव्हा. हे सांगायला सोपं आहे. हैदराबादेत राहून करून दाखवा. आपला सण असतो तेव्हा इथं सुट्टी नसते, आणि बोनालूची किंवा बतुकम्माची सुट्टी असते तेव्हा आपल्याकडे साधी चतुर्थीसुद्धा नसते. मी डिसेंबरात नांदेडहून येणाऱ्या कुणाला तरी मराठी दिनदर्शिका आणायला सांगायची, गौलीगुड्यातल्या किराणावाल्याकडून तेलुगू कॅलेंडर घ्यायची, सरकारी सुट्ट्यांचा कागद काढायची, आणि तिन्ही जेवणाच्या टेबलावर पसरून बसायची. शिवजयंतीनं मला सगळ्यांत जास्त छळलं. आमच्यात तारखेवाले वेगळे आणि तिथीवाले वेगळे, आणि दोघांनाही गाडीत खिडकीच हवी. शेवटी मी एक वर्ष तारखेला आणि एक वर्ष तिथीला असं ठरवलं, त्यामुळं दरवर्षी निम्मे लोक माझ्यावर रुसलेले असायचे.

पण खरी माझी दोन प्रस्थानं होती, आणि ती दोन्ही एकाच गावाची. उदगीरच्या बाजूला आमच्या सासरचं गाव आहे. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, तिथल्या शाळेपुढं झेंडा लागतो. इथं हैदराबादेत त्याच दिवसाला जो तो आपापलं नाव देतो आणि भांडतो. तिथं गावात एक दगड आहे, त्यावर सात नावं आहेत, आणि त्यांत एक माझ्या सासऱ्यांचं आहे. शाळकरी वयात ते चिठ्ठ्या पोचवायचे आणि त्यापायी काही महिने तुरुंगात राहून आले. त्या दगडापुढं उभं राहून दहा मिनिटं बोलायचं काम वीसेक वर्षं माझ्याकडं होतं.

दुसरं प्रस्थान येळवशीचं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, उदगीर, बीदर या पट्ट्यात गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे शेतात. ज्वारीत कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव; त्यांची पूजा करायची आणि मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं ओळखी-अनोळखीच्या सगळ्यांना वाढायचं. पुण्या-मुंबईच्या माणसाला वेळ अमावस्या म्हणून सांगावं तर तो आपल्याकडं बघत राहतो. आम्ही हैदराबादची मंडळी मात्र दिवाळीला नाही गेलो तरी चालेल, पण येळवशीला गावाकडं पोचायचंच, अशी.

आणि या सणाची एक गंमत आहे, जी मी वर्षानुवर्षं कुणाला फोडून सांगितली नव्हती. येळवस कॅलेंडरात बघून ठरवायची नसते. अमावस्या दुपारी लागते, दुसऱ्या दिवशी दुपारी संपते. छापणारा एका दिवशी छापतो, मोबाइल दुसऱ्या दिवशी दाखवतो. गाव जे म्हणेल ते खरं. म्हणून मी दरवर्षी आमची जमीन कसणाऱ्या माझ्या चुलत दिरांना फोन करायची आणि एवढंच विचारायची, भाऊजी, यंदा येळवस कोणत्या वारी? त्यांनी वार सांगितला की मग गाडी.

आता आत्यांविषयी. माझ्या सासऱ्यांची ही धाकटी बहीण. यजमान इथं वकील होते, ते गेल्यावर, मूलबाळ नसल्यानं, त्या आमच्याकडं राहायला आल्या. त्याला आता चोवीस वर्षं झाली. वय शहाऐंशी. कान शाबूत, दात गेलेले, आणि येळवशीचं शेत त्यांच्या वडिलांचं. या चोवीस वर्षांत मी त्यांची येळवस एकदाही चुकू दिली नाही. गाडीत पुढची जागा त्यांची, शेजारी मी. बांधावर त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची, पाठीला उशी, गळ्याभोवती शाल, पाऊण वाजता गोळी, अडीचला चहा. लोक म्हणायचे, सख्ख्या सुनेनंसुद्धा एवढं केलं नसतं. मी म्हणायची, त्यात काय एवढं. पण ते वाक्य ऐकायला मी वर्षभर थांबलेली असायची.

मग गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि जावेनं म्हटलं, "वहिनी, या वर्षी मी बघते. तुम्ही नुसत्या आराम करा."

ही पुण्याची. हायटेक सिटीकडं राहते, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, मराठी शुद्ध बोलते आणि इतकी वर्षं आमच्या बोलण्यातल्या "हौ" आणि "नक्को"ला हसत आली आहे. माझ्या गाडीत ती दोनदाच आली होती, दोन्ही वेळा कानात वायर घालून. मला वाटलं, करू दे. एका सहलीत कंबर मोडेल आणि मुकाट्यानं माझ्याकडं येईल.

तिनं ग्रुप काढला. चौकट, झेंडा, निघण्याची वेळ, कोण कुठं चढणार, सगळं एका चित्रात. लोकांनी फुलं आणि टाळ्या पाठवल्या. मी वीस वर्षं एकेकाला फोन करून हे सांगत होते, मला कुणी कधी फूल पाठवलं नाही.

सतरा सप्टेंबरला मी गुडघ्याला पट्टा बांधून गाडीत बसले. भाषणाचा कागद पर्समध्ये होता. झेंडा लागला, शाळेतल्या मुलांनी गाणं म्हटलं, आणि माझं नाव घेतील म्हणून मी पदर सारखा करत होते, तेवढ्यात जाव माइकपाशी गेली आणि म्हणाली की इतकी वर्षं आपण या घरातल्या मोठ्या भावाची गोष्ट ऐकली, आज धाकट्या बहिणीला विचारू या. आणि आत्यांना हात धरून तिनं पुढं आणलं. आत्या नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्या बोलल्या. नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा. भाऊ ज्वारीत लपला होता आणि भाकरी पोचवायचं काम यांच्याकडं होतं. भाकरी परकरात बांधून त्या पाखरं हाकलायला निघाल्याचं सोंग करायच्या. एकदा भीतीनं वाटेतच बसल्या आणि अर्धी भाकरी स्वतःच खाल्ली. भावानं काही विचारलं नाही. एवढंच बोलल्या. गावची म्हातारी माणसं डोळे पुसत होती, आणि आमच्या गाडीतल्या तरण्या पोरी, ज्या माझ्या भाषणात जांभया द्यायच्या, त्यासुद्धा.

मला ही भाकरीची गोष्ट माहीत नव्हती. एका घरात चोवीस वर्षं राहून माहीत नव्हती, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मी इतिहासाची बाई. सगळे जावेला म्हणत होते की किती छान सुचलं तुला, आणि मला त्या दोघींचा इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी बीदर येईपर्यंत डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. राग कसला, मत्सर. शब्द घाण आहे, पण दुसरा नाही.

दिवाळी झाली. मार्गशीर्ष लागला. एका सकाळी ग्रुपवर येळवशीचं चित्र आलं. कोपीचा फोटो, आंबिलीचं गाडगं, आणि खाली मंगळवार. मी आत्यांना म्हटलं, माझा गुडघा आता बरा आहे, आपण दोघी वेगळी गाडी करून जाऊ, नेहमीसारखं सगळं करू. आत्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी तिच्याबरोबर जाते. तू घरी ऱ्हा. तुझा गुडघा दुखायलाय."

माझा गुडघा दुखत नव्हता. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुखायलाय."

मी बाहेरच्या खोलीत आले आणि केवळ हाताला सवय म्हणून गावी फोन लावला. भाऊजींनी उचलला. म्हणाले, "वहिनी, येळवस बुधवारी. अमावस्या मंगळवारी दुपारी लागायलीय, पण सूर्य बघायचा बुधवारचा. गावानं बुधवारच धरलाय. या सगळे, वाट बघतो." मी म्हटलं, बुधवारी होय, बरं बरं. आणि फोन ठेवला.

त्यांना वाटलं, गाडी बुधवारी येणार. जावेनं त्यांना फोन केलाच नव्हता. त्यांच्या मुलाला तिनं ते चित्र पाठवलं होतं आणि त्यानं न बघता अंगठा पाठवून दिला होता. म्हणजे सत्तावीस माणसं एक दिवस आधी जाऊन उभी राहणार, आणि शेतात कुणी नसणार, हे पृथ्वीवर फक्त मला माहीत होतं. निदान माझी तशी समजूत होती.

चार दिवस मी ते पोटात ठेवलं. स्वतःला खूप काही सांगितलं. विचारलं नाही तर आपण कशाला बोलायचं. तिच्या फोनमध्ये सगळं असतं, मग हेही असेल. एखादे वेळी गावच मन बदलेल. यातलं एकही मला खरं वाटत नव्हतं. खरं एवढंच होतं की ती गाडी रिकाम्या शेतापुढं उभी असलेली मला दिसत होती, आणि ते बघून मला चहा जास्त गोड लागत होता. वाईट वाटायचं ते आत्यांच्या नावानं. पण मग आठवायचं, "मी तिच्याबरोबर जाते", आणि तेही वाईट वाटणं आटोपायचं.

सोमवारी संध्याकाळी जाव घरी आली. आत्यांची औषधं, शाल, स्वेटर सगळं नीट समजून घेतलं, पिशवीवर चिठ्ठी चिकटवली. जाताना दारात चपला घालता घालता तिनं विचारलं, "वहिनी, काही राहिलं का? तुम्ही इतकी वर्षं केलंय, तुमच्या लक्षात येईल."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "नाही गं. सगळं छान केलंयस."

मंगळवारी ते पहाटे निघाले. मी नऊपासून फोन शेजारी घेऊन बसले. साडेदहाला वाजला. जाव. आवाज उतरलेला. "वहिनी, तारीख चुकली. इथे कुणीच नाहीये. उद्या आहे म्हणे." मी म्हटलं, "अगं बाई, असं कसं झालं?" ते मी इतकं छान म्हटलं की माझी मलाच लाज वाटली, पण थोडीच. ती सांगत होती की तिनं गाडीतून उतरून, रस्त्यावर उभं राहून सगळ्यांची माफी मागितली. मी विचारलं, आत्या कुठं आहेत? ती म्हणाली, "त्या उतरल्या आणि सरळ शेतात चालत गेल्या. मी मागे गेले तर म्हणाल्या, तू इथंच ठैर. आता बांधापलीकडं खाली बसल्यायत. खुर्ची पण नको म्हणाल्या."

मी म्हटलं, त्यांना उन्हात बसवू नकोस. ती म्हणाली, वहिनी, मी नाही बसवलं.

यानंतर खरं तर माझा दिवस उगवायला हवा होता. गाडीतल्या दोन बायकांनी मला तक्रारीचे फोन केले आणि ते मी चवीचवीनं ऐकले. तुम्ही असता तर असं झालं नसतं, असं एकजण म्हणाली. तिला मी तीनदा म्हणायला लावलं. पण दुपारनंतर ग्रुपवर फोटो येऊ लागले. भाऊजींच्या अंगणात आमच्या बायका गावच्या बायकांबरोबर भज्जीसाठी तुरी, वाटाणा, पावटा सोलत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत आम्हाला भज्जी आयती ताटात मिळाली होती. ती आदल्या दिवसापासून कशी होते हे कुणी बघितलंच नव्हतं. पुरुष मंडळी कडबा बांधून कोप उभी करत होती, आणि ती एका बाजूला कलली होती, तरी तिच्यापुढं उभं राहून फोटो. एक निवृत्त न्यायाधीश पांडवांना चुना लावत होते. संध्याकाळी पिठलं-भाकरी खाऊन बरेचजण परत निघाले, सात-आठजण राहिले. आत्या राहिल्या. जाव त्यांच्यासाठी राहिली.

एका फोटोत, खूप लांबून काढलेल्या, ज्वारीच्या कडेला एक पांढरं डोकं दिसत होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, आज्जी सकाळपासून इथंच. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. चेहरा काही दिसला नाही.

माझ्या नीटनेटक्या चोवीस सहलींतल्या एकीचीही एवढी चर्चा झाली नव्हती. हिची चुकली आणि ती लोकांच्या तोंडी बसली. मी असं काय पाप केलं होतं की मला साधी चूकसुद्धा करता आली नाही, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

गुरुवारी दुपारी ती आत्यांना घेऊन आली. बाटलीत आंबील, डब्यात उंडे. माझे यजमान जेवत होते. ते सहज म्हणाले की अगं, हिला एकदा विचारायचंस, ही दरवर्षी गावाला फोन करते. जावेनं कपाळाला हात लावला. "मला हे कुणी सांगितलंच नाही. पण यंदा वहिनींनी फोन केला नसणार. वहिनींना माहीत असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का?"

मी आत पाणी आणायला गेले. बाहेर आत्या काय म्हणतात ते ऐकायला पाणी भरताना नळ बारीक ठेवला. त्यांनी उंड्याचा तुकडा आंबिलीत बुडवला असावा, कारण जाव म्हणाली, सावकाश.

ती गेल्यावर मी आत्यांची पिशवी उघडून औषधं जागेवर ठेवत होते. त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. तळव्यांना अजून काळी माती होती, धुतलीच नव्हती. म्हणाल्या, "त्या रोजी गावाला फोन तू केलतीस. मी ऐकलं."

माझ्या हातात गोळ्यांची पट्टी होती. मी म्हटलं, "मग तुम्ही तिला का नाही सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

मी पट्टी डब्यात ठेवली. त्या म्हणाल्या, रागानं नव्हे, भाजीचा भाव सांगावा तशा, "तिची फजिती व्हावी म्हणून तू गप्प बसलीस. मी माझ्यासाठी बसले."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या शब्दांत मला इथं लिहिता यायचं नाही, कारण त्या मधेमधे थांबत होत्या. लग्न झालं तेव्हा त्या सोळाच्या होत्या. त्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी त्यांना शेतात नेलं आणि काही न बोलता दोघं संध्याकाळपर्यंत बसून राहिली. त्यानंतर सत्तर वर्षांत त्या शेतात अनेकदा गेल्या, पण एकदाही एकट्या नाही. येळवशीला तिथं शंभर माणसं. भोंगा. पंगत. आणि मी. खुर्ची आणायची मी, शाल गुंडाळायची मी, हिला ओळखलंत का म्हणून दर पाच मिनिटांनी कुणाला तरी पुढं उभं करायची मी, आणि डोळे जरा लागले किंवा भरले तर ऊन लागलं का म्हणून पाणी पाजायची तीही मी. मी बरोबर नको, एवढ्यासाठीच त्यांनी आधी माझ्या गुडघ्याचं निमित्त काढलं होतं. मग फोनवर बुधवार ऐकला आणि त्यांना कळलं की मंगळवारी शेत रिकामं असणार. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मी गेले असते तर मी वार बरोबर साधला असता.

"तू काय कमी नाही केलीस," त्या म्हणाल्या. "पण तू मला एकदाबी बसू दिलं नाहीस."

चोवीस वर्षांच्या कामाचा हिशोब एका वाक्यात होतो हे मला माहीत नव्हतं. मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला. रडू आलं, ते पश्चात्तापाचं असावं असं मला आवडेल. पण त्यात निम्मं तरी हे होतं की जावेला हे फुकटात मिळालं.

यंदा मार्गशीर्ष लागायच्या आधीच जावेचा फोन आला. वहिनी, गावाला फोन तुम्ही करा, तुम्ही सांगाल तोच वार. मी केला, वार सांगितला. मग म्हटलं, तुझी गाडी त्या दिवशी ने. आत्यांना मी आदल्या दिवशी नेते. तिनं विचारलं, का? काहीही सांगता आलं असतं. पण गेल्या वर्षी दारात चपला घालताना तिनं मला जे विचारलं होतं ते वर्षभर माझ्या मागं लागलं होतं. मी सगळं सांगितलं. गावाचा फोन, चार दिवस, ओठावर येऊन गिळलेलं वाक्य.

मग ती म्हणाली, "वहिनी, मी सत्तावीस माणसांपुढे माफी मागितली होती." आणि थोड्या वेळानं, गाडीचा नंबर पाठवते, ड्रायव्हर चांगला आहे. त्यानंतर ती माझ्याशी नीटच बोलते. पूर्वीपेक्षा नीट. त्याचाच त्रास होतो.

येळवशीच्या आदल्या दिवशी मी आणि आत्या गेलो. वाटेत मी खुर्चीचा विषय काढला नाही, शाल पिशवीतच ठेवली, गोळी त्यांच्या त्यांना घ्यायला दिली. शेताच्या वाटेला गाडी थांबली. मी माझ्या बाजूचं दार उघडलं तर आत्या म्हणाल्या, "तू गाडीतच बस."

मी बसले. त्या बांधावरून हळूहळू गेल्या, एकदा तोल गेला, मी दाराच्या कडीला हात घातला आणि काढून घेतला. ज्वारीच्या कडेला मोकळी जागा होती तिथं त्या आधी गुडघ्यावर आणि मग मांडी घालून बसल्या. पाठ माझ्याकडं. ड्रायव्हर चहा प्यायला निघून गेला. ऊन चढलं, पाऊण वाजला, गोळीची वेळ झाली, टळली. एकदा त्यांनी हात हलवला, कुणाला तरी काही समजावून सांगताना हलवतात तसा, आणि मान मागं टाकून हसल्या. माझ्या घरी चोवीस वर्षांत त्या अशा हसलेल्या मला आठवत नाहीत. समोर कुणीही नव्हतं. मी काच खाली केली, पण इतक्या लांबून काही ऐकू आलं नाही.